घर महागलं, मग दोषी कोण? कॅनडातल्या भांडणाचा आपल्याशी संबंध

कॅनडातल्या घरांच्या राजकारणात एप्रिल २०२४ मध्ये अचानक मुसलमानांचं नाव आलं. १६ एप्रिलला अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात एक छोटा उल्लेख होता. हलाल गृहकर्जासारख्या पर्यायी कर्जप्रकारांना अधिक वाव कसा देता येईल, त्यासाठी करांचे नियम बदलायचे का, यावर सरकार विचार करत आहे, असं त्यात म्हटलं होतं. एवढंच. त्यात कुठला दर ठरलेला नव्हता, अनुदान नव्हतं, योजनाही नव्हती. पण सोशल मीडियावर बातमी फिरली ती अशी, की कॅनडात मुसलमानांना बिनव्याजी घर मिळणार आणि बाकीच्यांनी व्याज भरत बसायचं! ही अफवा थेट आमच्या चिपळूणच्या नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत पोचली. काहींनी ती रागाने पुढे पाठवली, काहींनी अभिमानाने. खोटी दोन्हीकडे सारखीच होती.

मी सात वर्षं मिसिसागात राहते आणि एका अकाउंटंटच्या ऑफिसात लोकांचे टॅक्स रिटर्न भरण्याचं काम करते. ऑन्टॅरिओत भाड्याची रक्कमही रिटर्नमध्ये लिहायची असते, कारण कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना त्यावर थोडी मदत मिळते. त्यामुळे दर वर्षी ३० एप्रिलपर्यंत शेकडो घरांचे पगार, भाडी आणि बचत माझ्या डोळ्यांखालून जातात. त्या आकड्यांकडे पाहून आणि टीव्हीवरची भांडणं ऐकून माझं एक मत झालं आहे. घरं महाग का झाली यावर इथले पक्ष एकमेकांवर तुटून पडतात. पण दोघांनाही अडचणीचं असलेलं एक सत्य आहे, त्यावर दोघंही गप्प बसतात. आणि ते सत्य झाकायला बाहेरून आलेला माणूस फार उपयोगी पडतो.

आधी हलाल गृहकर्जाचा विषय संपवू. असं कर्ज म्हणजे फुकट पैसा नव्हे. मुराबहा पद्धतीत संस्था घर विकत घेते आणि नफा मिळवून ठरलेल्या किमतीला तुम्हाला हप्त्यांनी विकते. इजारामध्ये तुम्ही भाडं देत देत मालक होता. घटत्या मुशारकामध्ये घर दोघांचं असतं आणि तुमचा हिस्सा वाढत जातो. कॅनडात लहान संस्था अशी कर्जं अनेक वर्षांपासून देत आहेत आणि ती बहुधा बँकेच्या कर्जापेक्षा महागच पडतात. अडचण करांची आहे. घर आधी संस्थेच्या नावावर आणि मग तुमच्या नावावर झालं, तर हस्तांतराचा कर दोनदा लागू शकतो. ब्रिटनने हा दुहेरी कर २००३ मध्येच काढून टाकला. तिथे त्यावरून आभाळ कोसळलं नाही. म्हणजे हा प्रश्न करनियमांतल्या एका दुरुस्तीचा होता, खास सवलतीचा नव्हता. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात सुमारे १८ लाख मुसलमान होते, म्हणजे लोकसंख्येच्या ४.९ टक्के. त्यांच्यापैकी काही कुटुंबांना यामुळे घर घेणं थोडं सोपं झालं असतं. पण देशातल्या घरांच्या किमती त्याने ना चढल्या असत्या, ना उतरल्या.

आता मुख्य भांडणाकडे येऊ.

लिबरल पक्ष नोव्हेंबर २०१५ पासून सत्तेत आहे. तेव्हा देशातल्या घराची सरासरी किंमत साधारण साडेचार लाख डॉलर होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती ८ लाखांच्या वर गेली. एक कॅनडियन डॉलर साठ-पासष्ट रुपयांचा धरा आणि हिशेब करा. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पियेर पॉइलिएव्ह यांचं म्हणणं असं, की सरकारने अफाट खर्च केला, मध्यवर्ती बँकेने नोटा छापल्या, त्यातून महागाई झाली. शिवाय महापालिकांतले 'द्वारपाल' परवानग्या अडवून ठेवतात, म्हणून घरं बांधलीच जात नाहीत. त्यावर लिबरल म्हणतात, की महामारी होती, जगभर महागाई होती, आणि घरबांधणीवर सर्वांत मोठा कार्यक्रम आम्हीच आणला. २०१७ चं राष्ट्रीय गृहनिर्माण धोरण, २०२३ मध्ये भाड्याच्या नव्या इमारतींवरचा जीएसटी माफ, महापालिकांनी नियम सैल करावेत म्हणून ४ अब्ज डॉलरचा निधी, अशी यादी ते वाचून दाखवतात.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हे भांडण इतकं टिकतं. मार्च २०२० मध्ये बँक ऑफ कॅनडाने आपला दर ०.२५ टक्क्यांवर आणला. पैसा स्वस्त झाला आणि लोक घरांवर तुटून पडले. जून २०२२ मध्ये महागाई ८.१ टक्क्यांवर पोचली. मग दर चढत चढत जुलै २०२३ मध्ये ५ टक्के झाला. हे सामान्य घरात कसं उतरतं ते पाहा. पाच लाखांचं, पंचवीस वर्षांचं कर्ज २ टक्क्यांनी घेतलं तर महिन्याचा हप्ता २,१०० डॉलरच्या आसपास येतो. तेच कर्ज साडेपाच टक्क्यांनी घेतलं तर हप्ता ३,०५० होतो. कॅनडात गृहकर्जाचा दर बहुधा पाच वर्षांसाठीच बांधलेला असतो, नंतर नवा करार करावा लागतो. २०२०-२१ मध्ये घर घेतलेल्यांचे करार २०२५-२६ मध्ये नवे होत आहेत. आमच्या ऑफिसात त्या कुटुंबांचे चेहरे मी पाहते. नवरा-बायको दोघं कमावतात, तरी मुलांचा पोहण्याचा क्लास बंद, गावाकडे जाणं पुढच्या वर्षावर.

परवानग्यांचा मुद्दाही खरा आहे. टोरंटो आणि व्हँकूव्हरमध्ये राहण्याच्या जमिनीचा मोठा भाग वर्षानुवर्षं फक्त सुट्या, एका कुटुंबाच्या घरासाठी राखून ठेवला होता. तिथे साधी चार घरांची इमारत बांधायलाही मनाई होती. टोरंटोने ती मनाई मे २०२३ मध्ये उठवली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने त्याच वर्षी तसा कायदा केला. टोरंटोत नव्या सुट्या घरावर महापालिकेचं विकास शुल्कच लाख डॉलरच्या वर जातं. हे पैसे शेवटी विकत घेणाराच भरतो.

पण कार्बन कराचं पाहा. 'टॅक्स हटवा, घरं बांधा' ही पॉइलिएव्ह यांची घोषणा दोन वर्षं घराघरांत ऐकू येत होती. बँकेच्या गव्हर्नरांनी २०२३ मध्ये सांगितलं होतं, की या कराचा वार्षिक महागाईवरचा परिणाम सुमारे ०.१५ टक्का आहे. अखेर लिबरल पक्षाच्याच मार्क कार्नी यांनी १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा तो कर बंद केला. पेट्रोल थोडं स्वस्त झालं, घर झालं नाही.

मग दोघं ज्यावर बोलत नाहीत, ते काय?

२०२१ च्या जनगणनेनुसार कॅनडातली ६६.५ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात. म्हणजे तीनपैकी दोन कुटुंबांसाठी घराची वाढती किंमत हे संकट नाही, ती त्यांची बचत आहे. राहत्या घराच्या विक्रीतून झालेल्या नफ्यावर इथे करही लागत नाही. १९७२ मध्ये भांडवली नफ्यावर कर सुरू झाला, तेव्हापासून ही सूट आहे. साहजिकच लोक म्हातारपणाची सोय म्हणून घराकडेच पाहतात. आता कुठला पुढारी या मतदारांना सांगेल, की तरुणांना घर परवडायचं असेल तर तुमच्या घराची किंमत उतरावी लागेल? जस्टिन ट्रूडो यांनी २०२४ मध्ये एका मुलाखतीत घरांचं मूल्य टिकलं पाहिजे असं सांगितलं, कारण अनेकांची निवृत्ती त्यावर उभी आहे. मे २०२५ मध्ये नवे गृहनिर्माणमंत्री ग्रेगर रॉबर्टसन यांना विचारलं गेलं, की किमती खाली यायला हव्यात का? त्यांनी नाही म्हटलं आणि पुरवठा वाढवण्याकडे बोट दाखवलं. समोरच्या बाकावरचा पक्षही 'मालकांनो, तुमचं नुकसान होईल' असं प्रचारात म्हणत नाही. एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत दोघांनी नव्या घरावरचा जीएसटी काढण्याचं वचन दिलं. फरक इतकाच, की एकाची मर्यादा पहिल्यांदा घर घेणाऱ्यांपुरती दहा लाखांची, तर दुसऱ्याची तेरा लाखांची. भाड्याने राहणाऱ्याला घर स्वस्त मिळावं आणि मालकाचं घर महाग राहावं, अशी दोन्ही वचनं एकाच सभेत दिली जातात. ती एकत्र पाळता येत नाहीत.

दुसरी दडवलेली गोष्ट जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडाचं केंद्र सरकार स्वतः घरं बांधत होतं, सहकारी आणि सार्वजनिक घरांना पैसा देत होतं. आपल्याकडे लोक म्हाडाच्या घराची वाट पाहतात, तशी इथेही एक वाट होती. १९९३ मध्ये ब्रायन मल्रूनी यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने नव्या सामाजिक घरांचा निधी थांबवला. त्यानंतर आलेल्या ज्याँ क्रेतियाँ यांच्या लिबरल सरकारने तो पुन्हा सुरू केला नाही. उलट १९९६ पासून ही जबाबदारी प्रांतांकडे ढकलली. आज देशातल्या एकूण घरांत अशी घरं चार टक्केही नाहीत. जुलै २०२३ मध्ये पंतप्रधान ट्रूडो म्हणाले, की घरं ही मुख्यतः केंद्राची जबाबदारी नाही. त्यावर विरोधकांनी गदारोळ केला. पण ती जबाबदारी खाली ढकलण्यात दोन्ही पक्षांचे हात होते, हे कुणीच सांगितलं नाही.

अशा वेळी दोष ठेवायला कुणीतरी लागतं, आणि ज्याला मत नाही तो सगळ्यात सोयीचा. आधी परदेशी खरेदीदार आले. १ जानेवारी २०२३ पासून त्यांना घर घ्यायला बंदी घातली. बाजारात त्यांचा वाटा मुळातच लहान होता, त्यामुळे फारसं काही बदललं नाही. मग परदेशी विद्यार्थ्यांची पाळी आली. त्यांत भारतातून आलेली मुलं सर्वांत जास्त.

इथे आपणही प्रामाणिक राहू या. लोकसंख्येचा मुद्दा खोटा नाही. २०२३ मध्ये कॅनडाची लोकसंख्या एका वर्षात साडेबारा लाखांहून जास्त वाढली. १९५७ नंतर इतक्या वेगाने ती वाढली नव्हती, आणि जवळजवळ सगळी वाढ स्थलांतरातून होती. त्याच वर्षी नवी घरं सुरू झाली ती सुमारे २ लाख ४० हजार. भाडं चढणारच. हे बोलणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा आहे असं आपण म्हणू लागलो, तर खऱ्या द्वेष्ट्यांना ओळखणं अवघड होईल.

पण ही मुलं इतकी आली कशी? ऑन्टॅरिओच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने २०१९ मध्ये कॉलेजांची फी दहा टक्क्यांनी कमी करून गोठवली. सरकारी अनुदानही अपुरं होतं. कॉलेजांनी ती तूट परदेशी मुलांच्या कितीतरी पट फीमधून भरली. ओटावातल्या लिबरल सरकारने व्हिसा दिले. दुकानांना, गोदामांना, रेस्टॉरंटांना कमी पगारावर हात मिळाले. म्हणजे मुलं दार तोडून आली नव्हती. एका पक्षाने बोलावणं धाडलं, दुसऱ्याने दार उघडलं आणि तिसऱ्याने कामाला लावलं. नाशिकच्या किंवा मालेगावच्या ज्या मुलाने वडिलांची जमीन गहाण ठेवून फी भरली, त्याने यातला एकही निर्णय घेतला नव्हता. तरीही २०२४ च्या शेवटी एन्व्हायरॉनिक्स संस्थेच्या पाहणीत ५८ टक्के लोकांनी स्थलांतरित फार झाले असं म्हटलं. पाव शतकात पहिल्यांदाच असं म्हणणारे बहुसंख्य झाले. बसमध्ये, कामावर, त्याचा रोख चेहरा पाहून ठरतो. कागदावर नागरिक कोण आणि विद्यार्थी कोण, ते कुणी विचारत नाही.

मुंबईत घर शोधताना नाव सांगितल्यावर फोन ठेवला जाण्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. तिथेही जागा कमी पडली की 'बाहेरचे' शोधले जातात आणि जमीन कुणाच्या ताब्यात आहे हे विचारायचं राहून जातं. म्हणून कॅनडातली भाषा आपल्याला लवकर कळायला हवी.

जानेवारी २०२४ मध्ये सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. नंतर कायम रहिवाशांचीही संख्या कमी केली. २०२५ मध्ये लोकसंख्येची वाढ जवळजवळ थांबली. भाडी उतरली, किमतीही उतरल्या. टोरंटो परिसरातली सरासरी किंमत २०२२ च्या सुरुवातीला १३ लाखांच्या पुढे होती. २०२५ च्या अखेरीस ती दहा-साडेदहा लाखांवर आली. मग प्रश्न सुटला का? नाही. किमती उतरताच बिल्डरांनी हात आखडते घेतले. टोरंटोत २०२४ मध्ये नव्या फ्लॅटची विक्री जवळपास तीन दशकांतली सर्वांत कमी झाली. विक्री नाही तर नवी इमारत नाही. केवळ बाजारावर सोडलं, की घर महाग असेल तेव्हाच बांधलं जातं. ही गोष्ट स्थलांतरित कमी करून बदलत नाही. दहा-साडेदहा लाखांचं घर तरी आमच्या ऑफिसात येणाऱ्या किती तरुणांना परवडेल? मला एका हाताची बोटंही लागणार नाहीत.

सरकारी गृहनिर्माण संस्थेचाच २०२५ चा अंदाज आहे, की २०१९ इतकी परवडणारी स्थिती परत आणायची तर २०३५ पर्यंत दर वर्षी ४ लाख ३० हजार ते ४ लाख ८० हजार घरं सुरू व्हायला हवीत. म्हणजे आजच्या जवळपास दुप्पट. कार्नी यांनी वर्षाला पाच लाखांचं वचन दिलं आहे आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १३ अब्ज डॉलर देऊन 'बिल्ड कॅनडा होम्स' ही सरकारी संस्था सुरू केली. तीस वर्षांनी केंद्र पुन्हा बांधकामात उतरतंय, हे मला योग्य वाटतं. पण ती सरकारी जमिनीवर किती घरं बांधते, आणि ती कुणाला कोणत्या भाड्याने देते, यावर तिला जोखायला हवं. उद्घाटनाच्या फोटोंवर नव्हे.

आता आपल्या समाजाबद्दल दोन शब्द. निवडणूक आली की सगळे पक्ष मशिदीत येतात. एक जण हलाल कर्जाचं नाव घेतो, दुसरा कुटुंब आणि कमी कर यांवर बोलतो. आपले वडीलधारे फोटो काढतात आणि कौमचं मत कुणाला, याची चर्चा सुरू होते. पण घराच्या प्रश्नावर कौमचं एकच हित नाही. आपल्यातही दोन घरांचे मालक आहेत. एका बेसमेंटमध्ये सहा मुलं ठेवून प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेणारेही आहेत. रमजानमध्ये त्याच मुलांना इफ्तारला बोलावतात आणि त्याला खिदमत म्हणतात. शेजारी चार घरांची इमारत येणार म्हटल्यावर पार्किंगचं कारण सांगून महापालिकेत हरकत घेणाऱ्यांच्या रांगेतही आपले लोक मी पाहिले आहेत. मालक आणि भाडेकरू यांच्यात न्याय कुठला, हा प्रश्न आपल्याला आपल्याच जमातीत विचारावा लागेल. तो टाळून बाहेरच्यांकडे सवलत मागणं म्हणजे अर्धाच न्याय.

इथे राहणाऱ्या तरुणांना माझं सांगणं असं. ऑक्टोबर २०२६ मध्ये ऑन्टॅरिओत महापालिकांच्या निवडणुका आहेत. कुठे काय बांधता येईल हे बरंचसं तिथे ठरतं, ओटावात नाही. उमेदवार दारात आला, तर मुसलमानांसाठी काय करणार असं विचारू नका. घरांच्या किमती उतरायला हव्यात की नकोत, हो की नाही, ते विचारा. या वॉर्डात चार घरांची इमारत चालेल का, ते विचारा. बिल्डर थांबतील तेव्हा कोण बांधणार, ते विचारा. तुम्ही नागरिक नसाल तर मत नसेल, पण महापालिकेच्या बैठकीत बोलता येतं. हरकत घेणारे नेहमी तिथे असतात, घर हवं असलेले क्वचितच.

आणि महाराष्ट्रातून इथे यायच्या तयारीत असलेल्यांना एक गोष्ट. एजंट कॉलेजची फी सांगतो, भाडं सांगत नाही. जानेवारी २०२४ मध्ये एका विद्यार्थ्याला वर्षाच्या खर्चासाठी दाखवावी लागणारी रक्कम १०,००० वरून २०,६३५ डॉलर झाली होती, आणि शिकताना कॉलेजबाहेर काम करायची परवानगी आठवड्याला २४ तासांचीच आहे. हे आकडे कागदावर मांडून घरच्यांबरोबर बसा आणि मगच जमिनीच्या सातबाऱ्याला हात लावा. आलात, तर मान खाली घालून राहू नका. घरांची टंचाई तुम्ही आणलेली नाही. ज्यांनी आणली, त्यांना प्रश्न विचारायचा हक्क भाडं भरणाऱ्या प्रत्येकाला आहे. तुम्हालाही.